बढतीचा कोर्स वेगळा, शिकवण्याची मदत वेगळी

महाविद्यालयात नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ‘ओरिएंटेशन करू की एफआयपी?’ ‘ऑनलाइन केलेलं प्लेसमेंटला धरतात का?’ ‘प्राचार्य सोडतच नाहीत, आता काय?’ आणि अधूनमधून, जरा संकोचून विचारलेला: ‘मी शिकवतो ते मुलांपर्यंत पोचत नाही असं वाटतं. हे कोणाला विचारायचं?’

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नियमावलीत आहेत. चौथ्याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. अडचण अशी की आपल्याकडे दोन्हींना ‘प्रशिक्षण’ हा एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे काही जण ओरिएंटेशनचं प्रमाणपत्र फाइलला लावून शिकवण्याचा विषय मिटला असं समजतात, तर काही जण एका कंटाळवाण्या रिफ्रेशरवरून ठरवून टाकतात की विद्यापीठ आपल्याला काहीच देऊ शकत नाही. तुम्ही या दोन गोष्टींचे दोन वेगळे कागद करा. एकावर बढतीसाठी काय पुरं करायचं ते लिहा, दुसऱ्यावर वर्गात काय अडतंय ते. पहिला कागद नियमानं पुरा करायचा. दुसऱ्यासाठी मात्र मदत मागून घ्यावी लागते, आणि ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एकाच केंद्राची तीन नावं

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांमध्ये ‘अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. २०१५मध्ये त्यांचं नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’, म्हणजे एचआरडीसी, असं झालं. २०२३मध्ये ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम’ सुरू झाल्यावर तीच ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं’ झाली. ज्येष्ठ सहकारी ‘स्टाफ कॉलेजला जाऊन ये’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच केंद्र अभिप्रेत असतं. प्रमाणपत्रावर जुनं नाव दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

तुमच्या उपयोगाची ठिकाणं साधारण अशी:

- मालवीय मिशन केंद्रं. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत आणि गोवा विद्यापीठात. आपल्याच विद्यापीठाच्या केंद्रात जायला हवं असं बंधन नाही. देशातल्या कोणत्याही केंद्राला अर्ज करता येतो.
- स्वयम्, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ. अभ्यासक्रम शिकायला मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.
- तंत्रशिक्षणात असाल तर एआयसीटीईच्या अटल अकादमीचे कार्यक्रम आणि भोपाळची राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था. महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच पश्चिम विभागात येतात.
- राज्य सरकारची एमएसएफडीए. उच्च शिक्षणातल्या अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीच स्थापन झालेली पुण्यातली संस्था.
- आयसर, पुणे. विज्ञान आणि गणित कसं शिकवावं यावर इथं प्रत्यक्ष प्रयोगांसह कार्यशाळा होत आल्या आहेत. या विषयांच्या शिक्षकांनी त्यांच्या घोषणांकडे लक्ष ठेवावं.
- तुमच्याच महाविद्यालयाचा आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. तो फक्त नॅकची फाइल भरण्यासाठी असतो असा समज झाला आहे. त्याच्याकडून काय मागायचं ते पुढे येतंच.

पहिला कागद: प्लेसमेंटला, म्हणजे बढतीला, काय लागतं

सध्या बहुतेकांना लागू असलेली चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीची आहे. महाराष्ट्रात ती ८ मार्च २०१९च्या शासन निर्णयानं आली. लेव्हल १० वरून ११ वर जायला सेवेचा काळ पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, एम.फिल. किंवा एलएलएम-एमटेकसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर ५, आणि यांपैकी काही नसेल तर ६ वर्षं. त्याशिवाय प्रशिक्षणाच्या बाजूनं:

1. अध्यापनपद्धतीवरचा २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कार्यक्रम. नव्या शिक्षकांसाठीचा महिन्याभराचा प्रारंभिक प्रशिक्षण कार्यक्रम, म्हणजेच एफआयपी किंवा ‘गुरुदक्षता’, ओरिएंटेशनच्या जागी धरला जातो. दोन्ही करायची गरज नाही.
2. पुढीलपैकी एक: रिफ्रेशर किंवा संशोधनपद्धतीचा कोर्स; किंवा किमान पाच दिवसांचे कोणतेही दोन कार्यक्रम, जसे एफडीपी (अध्यापक विकास कार्यक्रम) किंवा अध्यापन-मूल्यमापनाची कार्यशाळा; किंवा प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम; किंवा स्वतः तयार केलेलं ई-साहित्य.

पुढच्या टप्प्यांना कालावधी आणि संख्या वेगळी आहे. नियमावल्या बदलतात आणि तुमचा मूल्यमापन काळ कोणत्या नियमावलीत पडतो यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून स्टाफरूममधल्या आठवणींवर विसंबू नका. विद्यापीठाच्या आस्थापना विभागाकडून लागू असलेली प्रत घ्या आणि ती स्वतः वाचा.

रुजू झालेल्या शिक्षकाचं प्रारंभिक प्रशिक्षण शक्यतो शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी, आणि नाहीच जमलं तर पहिल्या वर्षात व्हावं अशी अपेक्षा आहे. बहुतेक जण ते चौथ्या वर्षापर्यंत ढकलतात. यात दुहेरी नुकसान आहे. ज्या वर्षी मदतीची सर्वांत जास्त गरज असते ते वर्ष हातातून जातं. शिवाय किमान सेवाकाळ पुरा होताच तुम्ही पात्र असाल आणि अर्ज केला असेल, तर बढती त्या तारखेपासून मिळते. अट उशिरा पुरी झाली तर बढतीची तारीखही पुढे सरकते, आणि तो फरक पुढच्या प्रत्येक टप्प्यात तुमच्या मागे येतो. अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तारीख आजच मांडून ठेवा.

कोर्स निवडताना कुठं फसगत होते

- प्रमाणपत्र ‘एक आठवड्याचं’ आहे म्हणून सांगतात आणि त्यावर तारखा चारच दिवसांच्या असतात. सहसंचालक कार्यालयात फाइल अडते ती नेमकी इथं. नोंदणीपूर्वी माहितीपत्रक जपून ठेवा आणि प्रमाणपत्र हाती येताच दिवस मोजा.
- कोर्स मूल्यमापन काळाच्या बाहेर पडतो. एका टप्प्यासाठी वापरलेला कोर्स पुढच्या टप्प्याला पुन्हा दाखवता येत नाही.
- ऑनलाइन कोर्स चालू आणि त्याच वेळी महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तुमचं लेक्चर घेतल्याची सही. दोन्ही नोंदी एकत्र तपासल्या की प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. ऑनलाइन कोर्सलाही रजा किंवा कामाच्या वाटपाचा लेखी आदेश घ्या.
- शुल्क भरा, लिंक उघडा, प्रमाणपत्र डाउनलोड करा अशा धर्तीचे कार्यक्रम. आयोजक कोण, मान्यता कोणाची आणि शेवटी मूल्यमापन आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा.

एकाच वेळेत दोन कोर्स बसत असतील तर ज्यात तुम्हाला स्वतःला १५-२० मिनिटं शिकवून दाखवावं लागतं आणि त्यावर इतर शिक्षक बोलतात, तो निवडा. वेळापत्रकात सलग पाहुण्यांची व्याख्यानंच असतील तर प्रमाणपत्र मिळेल, पण दुसऱ्या कागदावरचं काहीही हलणार नाही.

‘प्राचार्य सोडत नाहीत’

२०१८च्या नियमावलीनुसार ओरिएंटेशन, रिफ्रेशर, प्रारंभिक प्रशिक्षण, संशोधनपद्धती कार्यशाळा आणि परिषदा यांसाठी एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मंजूर करता येते, आणि ती पूर्ण वेतनी असू शकते. ‘मंजूर करता येते’ हे शब्द नीट वाचा. ती आपोआप मिळत नाही आणि तुमचे तास कोण घेणार हा प्राचार्यांचा प्रश्न खराच असतो. म्हणून अर्ज असा करा की नाही म्हणणं अवघड जावं:

- कोर्सच्या निदान सहा आठवडे आधी लेखी अर्ज द्या. सोबत माहितीपत्रक आणि बढतीची देय तारीख जोडा.
- त्या काळातले तास कोणते सहकारी घेतील आणि तुम्ही त्यांचे कधी भरून द्याल, हे त्यांच्या सह्यांसह द्या.
- अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.
- नकार मिळाला तर तो लेखी मागा. नम्रपणे, पण मागाच.

लेखी नकार हाती आला की पुढचे रस्ते उघडतात: प्रथम व्यवस्थापन, मग विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, आणि तुमची प्राध्यापक संघटना. बहुतेक प्रकरणं इतक्या लांब जात नाहीत. तोंडी दिलेला नकार लेखी मागितला की अनेकदा त्याचा होकार होतो.

पैशांचंही विचारा. नॅकच्या २०१७च्या सुधारित चौकटीत शिक्षकांना कार्यशाळांसाठी आर्थिक साहाय्य दिलं का, याची नोंद मागितली जाते. म्हणजे तुमच्या नोंदणीशुल्काची पावती महाविद्यालयाच्याही कामाची असते.

दुसरा कागद: वर्गात काय अडतंय

२०१८च्या नियमावलीत बढतीसाठी अध्यापनाची श्रेणी ठरते ती नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले यावरून. ८० टक्के किंवा जास्त असेल तर ‘चांगलं’, ७० ते ८०च्या दरम्यान ‘समाधानकारक’. तास कसा झाला, हे यात कुठंच नाही. मला ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी पोकळी वाटते, कारण त्यामुळे वर्गाबद्दल बोलायला महाविद्यालयात ना जागा उरते ना वेळ. ती जागा तुम्हालाच निर्माण करावी लागेल. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं १९६२मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. तिथं शिक्षक आपणहून मदत मागतो आणि सल्लागाराशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, बढतीच्या फाइलमध्ये जात नाही. आपल्याकडे असं केंद्र क्वचितच आढळेल. पण त्याची दोन मुख्य कामं दोन-तीन सहकाऱ्यांच्या भरवशावर कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात होऊ शकतात.

सहकाऱ्याला तासाला बसवा. आपल्याकडे वर्गात दुसरा शिक्षक मागे येऊन बसला की तपासणी आली असं वाटतं. म्हणून ते उलट्या दिशेनं करा: बोलावणारे तुम्ही, प्रश्नही तुमचाच.

1. आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसा आणि त्यांना एकच गोष्ट पाहायला सांगा. ‘कसं वाटलं ते सांगा’ असं म्हणू नका. ‘मी किती प्रश्न विचारतो, कोणाला विचारतो आणि उत्तरासाठी किती थांबतो, एवढंच लिहा’ असं सांगा.
2. त्यांनी मागच्या बाकावर बसून वेळ आणि घटना लिहायच्या: १०.१२ ला प्रश्न, पुढच्या रांगेतून उत्तर, १०.१५ ला प्रश्न, उत्तर सरांनीच दिलं. मत लिहायचं नाही.
3. दोन दिवसांत पुन्हा बसा. आधी तुम्ही बोला, मग त्यांची वही पाहा.
4. तो कागद तुमच्याकडेच राहील हे आधीच ठरवून घ्या. त्याची प्रत कोणाच्या फाइलला जाणार नाही.
5. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या तासाला बसा.

प्रश्नानंतर किती थांबता, हे मुद्दामच उदाहरण घेतलं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत विचारलेला प्रश्न आधी मनात मराठीत आणते, मराठीत उत्तर शोधते आणि मग इंग्रजी शब्द जुळवते. तिला एक सेकंद पुरणारच नाही. तीन सेकंदही कमी पडतील. ‘आधी वहीत लिहा, मग शेजारच्याशी बोला, मग सांगा, आणि मराठीत सांगितलं तरी चालेल’ एवढा बदल १२० जणांच्या वर्गातही करता येतो. खर्च काही नाही.

सहकारी मिळत नसेल तर मोबाइल मागच्या खिडकीत ठेवून स्वतःच्या तासाचं ध्वनिमुद्रण करा. मुलांना आधी सांगा आणि ऐकून झाल्यावर ते पुसून टाका.

सत्राच्या मधेच मुलांना विचारा. सत्र संपल्यावर भरून घेतलेला फीडबॅक ज्या मुलांनी दिला त्यांच्या कामी येत नाही. तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्या. कोरा कागद, नाव नाही, मराठीत लिहायची मुभा आणि तीनच प्रश्न: या तासात शिकायला कशाची मदत होते? कशानं अडचण होते? कोणती एक गोष्ट बदलावी? कागद गोळा करायला सहकाऱ्याला पाठवा, म्हणजे कोणी काय लिहिलं हे कळण्याची भीती कमी होते. आठवड्याभरात वर्गात उत्तर द्या: हे बदलतोय, हे या कारणासाठी बदलता येणार नाही. हे उत्तर दिलंच नाही तर पुढच्या वेळी कागद कोरे येतील.

बऱ्याच कागदांवर ‘नोट्स द्या’ असेल. त्यावर रागावू नका. मुलं बहुधा सांगत असतात की बोलण्याच्या वेगात त्यांना लिहिता येत नाही. फळ्यावर तासाचा आराखडा लिहून ठेवणं हे त्याचं पहिलं उत्तर असू शकतं.

अधिकृत फीडबॅक: कसा वाचावा, काय मागावं

आयक्यूएसीचा गुगल फॉर्म भरला जातो आणि तुमच्या हाती ‘३.४’ असा आकडा येतो. केवळ त्या आकड्यावर खचू नका आणि निर्धास्तही होऊ नका. मुलं काय सांगू शकतात? शिक्षक वेळेवर येतात का, बोलणं समजतं का, शंका विचारायची भीती वाटते का, तपासलेले पेपर परत मिळतात का. विषयाची मांडणी अचूक आहे की नाही, हे ती सांगू शकत नाहीत. आणि नवी पद्धत आणली की आकडा खाली येऊ शकतो. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतला २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो: स्वतः प्रश्न सोडवत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. म्हणून नवं काही सुरू करताना ते का करतोय हे पहिल्याच तासाला वर्गाला सांगा.

तुमच्या फीडबॅकबद्दल हे मागायला संकोच करू नका:

- वर्गात किती मुलं आणि फॉर्म किती जणांनी भरला, हे आकडे. १२० पैकी १४ उत्तरांच्या सरासरीवरून काही ठरवता येत नाही.
- लेखी शेरे, नावं काढून. सुधारायला आकड्यापेक्षा तेच कामी येतात.
- जाहीर यादी लावली जात असेल तर ती थांबवण्याची विनंती, कर्मचारी सभेच्या इतिवृत्तात नोंदवून.
- या आकड्यांवरून प्रतिकूल निर्णय होणार असेल तर आधी तुमचं म्हणणं मांडायची संधी. कॅनडात टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात २०१८मध्ये लवादानं स्पष्ट केलं की बढती किंवा कायम नेमणूक ठरवताना विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण अध्यापनाची परिणामकारकता मोजायला वापरता येणार नाहीत. तो निर्णय आपल्याला लागू नाही, पण त्यामागची कारणं तुमच्या पत्रात मांडता येतात.

तासिका तत्त्वावर असाल तर

सीएचबीवर शिकवणाऱ्यांना वरचं बरंचसं लागू होत नाही आणि हे लिहिताना वाईट वाटतं, कारण अनेक विभाग त्यांच्याच भरवशावर चालतात. तुम्हाला तासाप्रमाणे मानधन मिळतं, तेव्हा महिनाभर कोर्सला जाणं म्हणजे महिन्याची मिळकत सोडणं. अशा वेळी:

- सुट्टीतले किंवा संध्याकाळचे ऑनलाइन कार्यक्रम पाहा. जाहिरातीतली पात्रता पूर्ण वाचा, कारण अनेक कार्यक्रमांत कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही प्रवेश असतो.
- अर्जाला प्राचार्यांची शिफारस आणि अनुभवाचा दाखला लागतो. दर सत्राच्या शेवटी विषय, वर्ग आणि तासांच्या संख्येसह दाखला मागून घ्या. तीन वर्षांनी एकदम मागितला तर नोंदी सापडत नाहीत.
- स्वयम्‌वरचा अध्यापनविषयक अभ्यासक्रम स्वतःच्या सोयीनं पुरा होतो आणि मुलाखतीत दाखवता येतो.
- आयक्यूएसीच्या कार्यशाळांचं निमंत्रण फक्त कायम शिक्षकांना जात असेल तर समन्वयकांना लेखी विनंती करा. मांडणी साधी ठेवा: ‘मीही याच मुलांना शिकवते.’

जूनमध्ये आयक्यूएसीला द्यायचं पत्र

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत मेजर, मायनर, खुले विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली असं सगळं आलं. कित्येकांच्या हातात असा विषय पडला जो त्यांनी कधी शिकवलेला नव्हता. तुम्हीही त्यांपैकी असाल तर पत्रात मोघम ‘प्रशिक्षण द्यावे’ असं लिहू नका. तुमच्या मागण्या अशा असू शकतात:

- तोच विषय शिकवणाऱ्या जवळच्या तीन-चार महाविद्यालयांतल्या शिक्षकांची सत्रारंभी एक दिवसाची बैठक. त्यात घटकवार नियोजन आणि प्रश्नपेढी एकत्र करायची.
- परस्परांच्या तासाला बसण्यासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक तास मोकळा.
- सत्राच्या मध्यावरचा फीडबॅक शिक्षकापुरताच राहील असा लेखी खुलासा.
- नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येकाला दुसऱ्या विभागातला एक ज्येष्ठ सहकारी, जो त्याच्या गोपनीय अहवालावर सही करत नाही.

पत्रावर एकट्याची सही नको. विभागातल्या तिघा-चौघांच्या सह्या घ्या, सीएचबीवरच्या सहकाऱ्यांचीही घ्या, आणि विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवण्याची विनंती त्याच पत्रात करा.